दोन पांढरे झगे

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार. पळसघाट

आज नवी वही सुरू केली. जुनीत अजून चाळीस पाने कोरी आहेत, पण तिच्यात माझ्या दोन नापासांची नोंद आहे आणि मला ती उघडवत नाही. बायको, अन्नपूर्णा, म्हणाली, "वहीनं काय केलं तुमचं?" या बाईला परीक्षेचे गांभीर्य नाही.

मिशनच्या कचेरीतून पत्र आले आहे. पाळकपदाच्या परीक्षेला यंदा तिसऱ्यांदा आणि शेवटचे बसता येईल. नियम असा की ज्या प्रश्नावर उमेदवार नापास झाला तोच प्रश्न सुटेपर्यंत लिहायचा. माझा प्रश्न: बायबलातल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, महानदीच्या काठी दिसलेला, तागाची वस्त्रे नेसलेला पुरुष कोण?

पहिल्या वर्षी मी लिहिले, तो गाब्रिएल देवदूत. परीक्षकांनी शेरा मारला, "उमेदवारास ख्रिस्ताचे गौरव ओळखता येत नाही." दुसऱ्या वर्षी मी शहाणा होऊन लिहिले, तो ख्रिस्तच. परीक्षक बदलले होते. त्यांचा शेरा, "उमेदवार देवदूतालाच देव समजतो."

यंदा तिसरे परीक्षक आहेत, रेव्हरंड वडागळे. या वेळी हुकलो तर माझे नाव यादीतून कायमचे जाईल. मग मी शाळा चालवणारा उपदेशक तेवढा उरेन. इथल्या अकरा ख्रिस्ती घरांना बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन, सगळ्यासाठी चांद्याच्या पाद्रीसाहेबांची वर्षातून दोनदा वाट पाहावी लागते, ती तशीच पाहावी लागेल. सुगंधाबाईची नात आठ महिन्यांची झाली तरी बिनानावाची आहे. चांद्याचे साहेब दोनदा येऊन गेले. म्हातारी ऐकत नाही. म्हणते, "आमचे मास्तर पाद्री झाले का मंगच. तोवर पोरगी नुसती पोरगीच राहीन."

खरे सांगायचे तर मला या हट्टाची भीती वाटते.

११ नोव्हेंबर, गुरुवार

मार्ग सापडला. वडागळेसाहेबांचे मत काय आहे एवढे कळले की झाले. नागपूरला पौलस आहे, माझा वर्गमित्र, त्याचे सगळ्यांकडे जाणेयेणे असते. त्याला पत्र लिहिले: साहेब गाब्रिएलवाले की ख्रिस्तवाले, ते गुपचूप काढून तातडीने कळव.

पत्र लालसूच्या हाती दिले. लालसू मडावी आमच्या वाटेवरचा डाकेचा हरकारा. आरमोरीहून थैली उचलतो आणि जंगलातल्या गावांपर्यंत पायी नेतो. खांद्यावर भाला, भाल्याला घुंगरू. तो आमच्या ख्रिस्ती मंडळीतला नाही, त्याचे देव त्याच्या गावाच्या राईत असतात. पण पडवीत बसून अन्नपूर्णेच्या हातचे पाणी प्यायल्याशिवाय पुढे जात नाही.

"घाईचा कागद हाय काय, मास्तर?" त्याने विचारले.

"फार घाईचा."

"काय लिवलं त्यात?"

हरकाऱ्याने असे विचारायचे नसते हे मी त्याला शंभरदा सांगितले आहे. तरी मोघम सांगितले की एका जुन्या साधूला नदीकाठी एकजण दिसला, तो कोण ते शोधतो आहे.

"त्यालेच काऊन नाई विचारलं मंग, तू कोण म्हणून?"

मी त्याला वाटेला लावले.

१७ नोव्हेंबर, बुधवार

मंडळीची बैठक झाली. विषय एकच, नाताळाचे नाटक. गेल्या साली मेंढपाळांचा प्रवेश केला होता, त्यात खऱ्या बकऱ्या आणल्या आणि त्यांनी येशूच्या गव्हाणीतला सगळा पेंढा खाल्ला. या वर्षी काहीतरी बिनबकऱ्यांचे हवे, असे माझे म्हणणे होते.

सोमाजी म्हणाला, "मास्तर, तुमी दिवसभर थो नदीवाला अध्यायच वाचून राह्यले. आमाले पाठ झाला. थोच करू ना." सोमाजी आमच्यातला अनुभवी माणूस. ख्रिस्ती होण्याआधी गावाच्या दंडारीत, इथल्या लोकनाट्यात, तो पंधरा वर्षे राजे आणि साधू झाला आहे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांत इथे गावोगाव दंडारी होतात, त्याही भर दुपारी, बाजार भरलेला असताना. हे रक्त त्याच्या अंगातून जायचे नाही.

नाताळाचा आणि दानीएलचा काय संबंध, असे मी विचारणार होतो. पण मग वाटले, पाठांतर झाले तर माझाही अभ्यास होईल. हो म्हटले. सोमाजी दानीएल होईल. आमचा सुतार भैयाजी तागाच्या वस्त्रांतला पुरुष, कारण त्याचा देह भरभक्कम आहे आणि तो साधे "राम राम" म्हणाला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जाते.

वस्त्रांवरून जरा घोळ झाला. डोमा नावाडी जाळ्यांचा ताग घेऊन आला आणि म्हणाला, हवा तेवढा आहे. मी समजावले की त्या देशातला ताग मऊ, पांढरा, याजकांनी नेसायचा असतो. शेवटी पांढरा मांजरपाट ठरला. शिवणार अन्नपूर्णा.

२४ नोव्हेंबर, बुधवार

डाक तीन दिवस उशिरा. पौलसचे पत्र नाहीच. मी लालसूवर चिडलो.

"अस्वल होतं ना वाटेवर," तो म्हणाला. "वारूळ उकरून राह्यलं होतं. हालेच ना. मी इकडं थैली घेऊन उभा. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. मंग तिकडून कोलू आला, पलीकडच्या वाटेचा हरकारा. त्यानं डबा बडवला, भाला आपटला, अस्वलाले आपल्या आंगावर घेतलन. तवा मी बाजूनं सुटलो. कोलू अजून तिकडंच हाय, त्याच्यासंग."

सबबी ऐकायला मला वेळ नव्हता. मी नेमका त्या अवघड वचनावर अडलो होतो, ज्यात दानीएलजवळ आलेला सांगतो की तुझी प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली, मी निघालोही, पण पारसाच्या, म्हणजे इराणच्या, अधिपतीने मला एकवीस दिवस अडवले, मग मिखाएल देवदूत मदतीला आला. ख्रिस्त असेल तर त्याला कोण अडवणार? आणि गाब्रिएल असेल तर विजेसारखा चेहरा आणि दिव्यांसारखे डोळे, ज्यांना पाहून दानीएल मेल्यासारखा पडला, ते गौरव त्याच्याकडे कुठून आले? एक बाजू घेतली की दुसरी निसटते.

आणि पडवीत लालसू तीच अस्वलाची गोष्ट अन्नपूर्णेला पुन्हा सांगत होता, डब्याच्या आवाजासकट. चित्त एकाग्र होईना. शेवटी दार लावून घेतले.

जेवताना अन्नपूर्णा म्हणाली, "लालसूची गोष्ट आयकली काय तुमी?"

म्हटले, "दोनदा."

तिने आणखी डाळ वाढली. लाखोळीची डाळ आज फार चांगली झाली होती, हे तिला सांगायचे राहिले.

२९ नोव्हेंबर, सोमवार

तालमीत मोठीच अडचण. इथल्या दंडारीचा रिवाज असा की कोणतेही सोंग आले की आधीचा नट त्याला अडवून विचारतो, "आपण कोण? कोण्या गावचे?" आणि सोंगाने नाव-गाव सांगायचे. त्याशिवाय पुढचे बोलणे सुरूच होत नाही. राजा असो, राक्षस असो, खुद्द देव असो, नाव-गाव सांगावेच लागते.

भैयाजी आला, सोमाजीने सवयीने विचारले, "आपण कोण? कोण्या गावचे?"

भैयाजीने माझ्याकडे पाहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी सांगितले, दानीएलने असे काही विचारलेले नाही. त्याने थरथरत खाली पडायचे आहे. सोमाजी म्हणाला, "पडतो ना. पण लोकं विचारतीन, मास्तर. मी नाई विचारलं त थे वरतून विचारतीन."

"विचारू देत. उत्तर द्यायचे नाही."

"नाव नाई सांगितलं त सोंग कच्चं म्हणतीन," डोमा म्हणाला.

या लोकांना कसे सांगू की त्याचे नाव मलाच ठाऊक नाही, आणि म्हणून मी दोनदा नापास झालो!

वातावरण हलके व्हावे म्हणून सुगंधाबाईने नातीला कडेवर घेऊन मलाच गाठले. "बरं, आपण कोण? कोण्या गावचे?" मी ताठ उभा राहून म्हटले, "शांतवन. गाव नगर." सगळे हसले. म्हातारी म्हणाली, "तीन साल झाले इथं येऊन, अजून नगरच." तिला काय अभिप्रेत होते कोण जाणे. माझे गाव नगरच आहे.

५ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर घाटावर तालीम. रंगभूमी म्हणजे वैनगंगेचा काठ, कारण सोमाजीच्या मते खरी नदी असताना चादर हलवून नदी दाखवणे लाजिरवाणे आहे. शेवटच्या अध्यायात तो पुरुष नदीच्या पाण्यावर उभा आहे असे लिहिले आहे, म्हणून भैयाजीला डोमाच्या डोंग्यात उभे केले. दृश्य फार सुंदर दिसले. ऊन मागून येत होते, आणि भैयाजी, जो एरवी रंधा मारताना शिव्या देतो, तो खरोखर कोणीतरी वेगळा वाटला.

पण पुढे तो काठावर येऊन दानीएलला हात लावतो. भैयाजीला पोहता येत नाही. डोंगा काठाला लागेपर्यंत सोमाजी तोंड वाळूत खुपसून पडलेला. दोनदा शिंकला. भैयाजी उतरताना घसरला आणि त्याने हात लावला तो सोमाजीच्या पाठीवर, सगळ्या वजनानिशी.

डोमा म्हणाला, "मास्तर, पाण्यावरच्याले पाण्यावरच राहू द्या. हात लावाले दुसरा माणूस पाठवा."

मी म्हटले, "दोन नाहीत. जो दिसला तोच बोलला. सगळे विद्वान एकाच माणसाबद्दल भांडत आहेत."

"थे इद्वान नदीवर गेलते काय?" डोमाने विचारले. तो तीस वर्षे माणसे पार करतो आहे. त्याच्या मते काठावरून जो दिसतो तो आणि जो डोंग्यातून उतरतो तो, हे बहुधा वेगळेच असतात.

मी विषय बदलला.

९ डिसेंबर, गुरुवार

अन्नपूर्णेने झगे शिवले. झगे! मी एक सांगितला होता, तिने दोन शिवले. मांजरपाट वाया गेला म्हणून मी बोललो, जरा जास्तच बोललो. ती म्हणते, मापाचा गोंधळ झाला, एक भैयाजीला लहान होईल असे वाटले म्हणून दुसरा शिवला. पण मोठा आधी शिवला होता आणि लहान नंतर. हिशेब जुळत नाही. तिला गणित कधीच आले नाही.

लहान झगा तिने घडी करून पेटीत ठेवला.

१५ डिसेंबर, बुधवार

संकट. वडागळेसाहेब स्वतः येत आहेत. नाताळ पळसघाटला करणार आणि दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा घेणार. आरमोरीपर्यंत मोटारीने, पुढे बैलगाडीने.

पौलसचे पत्र नाही.

१६ डिसेंबर, गुरुवार

पत्र नाही.

२० डिसेंबर, सोमवार

वहीशी खोटे बोलण्यात अर्थ नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी दोन प्रबंध तयार केले आहेत. एकात तो गाब्रिएल आहे आणि एकात ख्रिस्त. दोन्हींची सुरुवात एकच, शेवट वेगळा. साहेब आल्यावर त्यांच्या बोलण्यावरून अंदाज घेईन आणि योग्य तो पुढे करीन.

दोन्ही वाचून पाहिले. दोन्ही पटतात, म्हणजे एकही पटत नाही. मला या कामाची लाज वाटते. तीन वर्षे मी एका माणसाकडे पाहतो आहे, पण त्याच्याकडे पाहतच नाही, परीक्षकाच्या तोंडाकडे पाहतो. दानीएल तीन आठवडे गोडधोड न खाता, तेल न लावता बसला होता, उत्तर मिळेपर्यंत. मी पत्राची वाट पाहत बसलो.

अन्नपूर्णेला हे सांगितले. मला वाटले ती रागावेल. तिने माझ्या डोक्यावर तेल थापले आणि म्हणाली, "तुमी काई दानीएल नाई. झोपा जरा."

२६ डिसेंबर, रविवार

काल जे झाले ते क्रमाने लिहितो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळची उपासना नीट पार पडली. वडागळेसाहेब उंच, वाळलेले, जाड चष्म्याचे. बोलतात कमी. मी दोनदा गाब्रिएलचा विषय काढून पाहिला. एकदा ते "हं" म्हणाले आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "भात उत्तम आहे." अंदाज लागेना.

दुपारी घाटावर सगळा गाव लोटला. आमची अकरा घरे, बाकीचा गाव, पलीकडच्या काठावरचेही. साहेबांना खुर्ची दिली. सोमाजीने दानीएलचा उपास असा केला की बायका हळहळल्या. मग डोमाने डोंगा पाण्यात घेतला आणि भैयाजी उभा राहिला. पांढरा झगा, कमरेला पितळी पट्टा, हातापायांना तेल-हळद. चार शब्द बोलला आणि पाणकावळे उडाले. सोमाजीबरोबरची माणसे, अध्यायात लिहिल्याप्रमाणे, पळाली. सोमाजी पडला.

आता डोंगा काठाला यायचा, तर तो नदीच्या मध्यावर वाळूत रुतला.

डोमाचा डोंगा! तीस वर्षांत त्याचा डोंगा कधी रुतल्याचे कोणी ऐकले नाही, त्याला या नदीतली वाळू न् वाळू माहीत आहे. बिचारा वल्हे मारत होता, पण मला लांबून वाटले की उलटे मारतो आहे. भैयाजी तसाच उभा. सोमाजी वाळूत तोंड घालून पडलेला. साहेब वाट पाहताहेत. संपले सगळे, असे वाटले.

तेवढ्यात घुंगरू वाजले. लालसू! जांभळीच्या झाडामागून आला, आणि त्याच्या अंगात पांढरा झगा. तो दुसरा. (नंतर विचारले तर अन्नपूर्णा म्हणाली, नाला उतरताना त्याचे कपडे भिजले म्हणून दिला. यंदा नाल्यात घोट्याएवढेही पाणी नाही, पण असेल कुठे खड्डा.) झगा त्याला ढगळ होत होता, बाह्या बोटांपर्यंत. खांद्यावर थैली तशीच. तो सरळ सोमाजीजवळ गेला, वाकला, आणि त्याला हात लावून गुडघ्यांवर उठवले.

आणि मग मला ज्याची भीती होती तेच झाले. गर्दीतून आवाज आला, "आपण कोण? कोण्या गावचे?" मग दुसरा, मग सगळा काठ, "आपण कोण? कोण्या गावचे?"

लालसू उभा राहिला. त्याने नदीकडे हात केला, भैयाजीकडे.

"मी थो नाई बाप्पा. थो पाहा, थो तिकडं पाण्यावर उभा हाय. मी त त्याचा निरोप घेऊन आलो. पयल्या दिवशीच निघालो होतो. वाटेत अडवलन मले. एकवीस दिवस. मंग दुसरा आला, त्यानं थे आपल्या आंगावर घेतलन, तवा सुटलो. गाव म्हणाल त जिथून थैली निघते थेच माझं गाव." मग सोमाजीकडे वळून हळू म्हणाला, "भेवू नको. तुयासाठीच आलो. ऊठ."

मी उभा होतो तिथेच खाली बसलो. डोळ्यांतून पाणी आले, ते लपवण्याचेही सुचले नाही. तीन वर्षे मी जे वचन घासत होतो ते माझ्या पडवीत बसून पाणी पीत होते. ज्याचे गौरव पाहून दानीएल पडला तो एक, आणि ज्याने त्याला हात लावून उठवले तो दुसरा. पडलेल्या माणसाचे तोंड जमिनीकडे होते! हात कोणाचा ते त्याने पाहिलेच नाही, आणि आम्हीही पाहिले नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

डोंगा मात्र नाटक संपताच लगेच निघाला. नशीब.

२७ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी तोंडी परीक्षा झाली, शाळेच्या खोलीत. साहेब म्हणाले, "प्रबंध द्या."

मी दोन्ही पुढे ठेवले आणि खरे ते सांगितले, पौलसच्या पत्रासकट. ते वाचत राहिले. माझे मन हलके झाले.

"मग यातला तुमचा कोणता?"

"एकही नाही," मी म्हटले आणि जे दिसले ते सांगू लागलो. गौरव पाण्यावरच्याचे आहे, आणि अडवला गेला तो निरोप्या आहे. म्हणून दोन्ही परीक्षक अर्धे बरोबर होते. साहेबांनी चांगलेच फैलावर घेतले. म्हणाले, दुसरा आला असे लिहिले आहे कुठे? मी शेवटचा अध्याय उघडला. तिथे तागाच्या वस्त्रांतला पाण्यावर आहे आणि आणखी दोघे उभे आहेत, एक या काठाला, एक त्या काठाला, आणि काठावरचा पाण्यावरच्याला विचारतो की हे सगळे कधी संपणार. विचारणारा आणि सांगणारा वेगळे आहेत. मी म्हटले, म्हणजे काठावर माणसे होती, साहेब. आपण मोजली नाहीत.

"हे कोणत्या भाष्यकाराचे मत?"

"लालसू मडावी," मी म्हटले. "डाकेचा हरकारा."

साहेबांनी लिहून घेतले! मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "मला हे पटत नाही."

बस्स, तेवढेच. आज पहाटे बैलगाडीत बसून गेले. मी नापास आहे हे जवळजवळ नक्की. नवल असे की मला काल गाढ झोप लागली.

८ जानेवारी १९५५, शनिवार

पौलसचे पत्र आले. गधड्याने पत्त्यावर पळसघाटखाली तालुका सिरोंचा लिहिले, म्हणून ते आधी तिकडे खाली जाऊन परत वर आले. आत एकच ओळ: "साहेब पक्के गाब्रिएलवाले, डोळे मिटून गाब्रिएल लिही."

वेळेवर आले असते तर मी तेच लिहिले असते.

"उशीर झाला काय, मास्तर?" लालसूने विचारले.

"नाही," मी म्हटले. मग त्याला पडवीतून आत बोलावले, पाटावर बसवले आणि अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. डब्याच्या आवाजासकट. कोलू सुखरूप आहे. इतके दिवस मी ते विचारलेही नव्हते.

२९ जानेवारी, शनिवार

पास!

कागद समोर ठेवून उतरवतो: "उमेदवाराचे मत मला मान्य नाही. त्याचा आधार अपुरा आहे व त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. परंतु मागील दोन उत्तरे परीक्षकांसाठी लिहिलेली होती. हे त्याचे स्वतःचे आहे. शिफारस करतो."

अन्नपूर्णेला वाचून दाखवले. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग मलाच विचारले की रडता काय. भैयाजीने बातमी ऐकली आणि ओरडला, त्यामुळे पार सावली गावापर्यंत कळली असावी.

१० एप्रिल, रविवार. ईस्टर

पाळक होऊन आठ आठवडे झाले, पण पहिला बाप्तिस्मा आज. सुगंधाबाईने ईस्टरच धरून ठेवला होता.

दीक्षेच्या वेळी झगा उसना घेतला होता, तो परत करावा लागला. सकाळी मी काळजीत होतो. अन्नपूर्णेने पेटीतून तो लहान झगा काढला, धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. अंगात घातला तर खांद्यापासून घोट्यापर्यंत अगदी बरोबर बसला. बाह्यासुद्धा. भैयाजी माझ्या दीडपट आणि लालसूला तो ढगळ, आणि मला मात्र शिंप्याने माप घेऊन शिवावा तसा! तिला तसे म्हटले. "हो का," ती म्हणाली, "पाहा बरं, कसा योगायोग." आणि गळ्याचे बटण लावताना बराच वेळ हसत राहिली.

घाटावर सगळे जमले होते. डोमा डोंग्यात बसून पाहत होता. लालसू थैली टेकवून जांभळीखाली उभा होता, त्याला आज सुट्टी नव्हती तरी थांबला. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि हात पुढे केले. सुगंधाबाई नातीला घेऊन आली, पण देईना. पोरीला छातीशी धरून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि दंडारीच्या सुरात मोठ्याने विचारले,

"आपण कोण? कोण्या गावचे?"

काठावर हशा पिकला. मीही हसणार होतो. पण तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ती खरेच विचारत होती.

मी लालसूकडे पाहिले. मग म्हणालो, "मी थो नाई, बाई. मी त त्याचा निरोप घेऊन आलो. वाटेत अडकलो होतो, तीन साल उशीर झाला." "गाव पळसघाट."

तिने पोर माझ्या हातात दिली. नाव कमळा. डोक्यावर पाणी पडताच तिने असा गळा काढला की भैयाजीनेही मान डोलावली.

झगा कमरेपर्यंत भिजला आहे. अंगणात दोरीवर वाळतो आहे.